रॉयल पोर्थकॉल: उणे १८, उणे ४, अधिक ५. सीनिअर ओपनमधला वारा, कडक जमीन आणि तिथला खेळ

मोजपट्टी

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या रॉयल पोर्थकॉल या गोल्फ कोर्सवर सीनिअर ओपन, म्हणजे ज्येष्ठ गोल्फपटूंची स्पर्धा, २०१४, २०१७ आणि २०२३ अशी तीनदा झाली. २०१४ मध्ये बर्नहार्ड लँगर २६६ फटक्यांत, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) १८ कमी खेळून जिंकला. दुसरा आलेला कॉलिन माँटगोमेरी १३ फटके मागे होता. २०१७ मध्ये लँगरच पुन्हा जिंकला, पण या वेळी २८० लागले, उणे ४. २०२३ मध्ये ॲलेक्स चेयका आणि पॅड्रेग हॅरिंग्टन २८९ वर, म्हणजे अधिक ५ वर बरोबरीत आले आणि प्लेऑफच्या (बरोबरी सोडवायच्या जादा खेळाच्या) दुसऱ्या होलवर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, करून चेयका जिंकला. पार तिन्ही वेळा एका फेरीला ७१. विजेत्यांच्या स्कोअरमध्ये तब्बल २३ फटक्यांचा फरक! हा फरक कुठून येतो, ते या धाग्यात सुटं करून बघू.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: स्पर्धा १९८७ मध्ये टर्नबेरीला सुरू झाली, पहिला विजेता नील कोल्स. वयाची अट ५० पूर्ण. अमेरिकेच्या सीनिअर टूरने तिला २००३ पासून मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, मानलं. तिथल्या बऱ्याच सीनिअर स्पर्धा ५४ होलच्या आणि बिनकटाच्या असतात. इथे चार दिवस, ७२ होल आणि ३६ नंतर कट, म्हणजे मागे पडलेले बाहेर. विजेत्याला पुढच्या वर्षीच्या ओपनमध्ये, म्हणजे सर्व वयांच्या मुख्य स्पर्धेत, थेट जागा मिळते.

आता मुद्दा. माझ्या मते २३ पैकी बहुतेक फटके वाऱ्याचे आहेत. पोर्थकॉल समुद्राकडे उतरत जाणाऱ्या मोकळ्या जमिनीवर आहे. अडोशाला उंच वाळूच्या टेकड्या नाहीत, जवळजवळ सगळीकडून समुद्र दिसतो. पहिली तीन होल पाण्याला लागून, अठरावं समुद्राच्या दिशेने उतरतं. २०२३ मध्ये वाऱ्याच्या जोडीला पाऊसही होता.

गणित असं. समोरून वारा असेल तर ताशी एका मैलामागे अंतरात साधारण १ टक्का वाढ धरायची. मागून असेल तर एका मैलामागे साधारण अर्धा टक्का कमी. म्हणजे १५० यार्डांचा फटका ताशी २० मैल वारा समोर असताना १८० चा समजून मारावा लागतो आणि तोच मागे असताना १३५ चा. ३० यार्डांचा तोटा, १५ यार्डांचा फायदा. जाताना गेलं ते येताना परत मिळत नाही. वारा वाढला की अठरा होलच्या बेरजेत स्कोअर चढतो तो यामुळेच.

आडव्या वाऱ्याला १५०–१७० यार्डांचा मध्यम आयर्नचा (लोखंडी क्लबचा) फटका ताशी १० मैलांत साधारण ८ ते १० यार्ड सरकतो. हे चेंडू हवेत असतानाचं. कडक जमिनीवर पडल्यावर तो त्याच दिशेने घरंगळतो ते वेगळं, आणि बहुतेक जण तेच धरायला विसरतात.

सहावा_आयर्न

गणित बरोबर आहे, फक्त टक्केवारी उंच जाणाऱ्या चेंडूला लागू होते हे लिहायला हवं. खाली ठेवलेल्या चेंडूला वारा कमी लागतो. जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी असतो आणि हवेतला वेळही कमी.

खालचा फटका असा:

नेहमीपेक्षा दोन क्लब मोठे घ्यायचे, ८ च्या जागी ६ (नंबर लहान तसा क्लब लांब मारतो). पकड २–३ सेंटिमीटर खाली. चेंडू नेहमीच्या जागेपेक्षा एक चेंडूभर मागे, त्याहून मागे नाही. पाय थोडे जवळ, वजन ६० टक्के पुढच्या पायावर आणि शेवटपर्यंत तिथेच. बॅकस्विंग तीन चतुर्थांश. फटक्यानंतर हात छातीच्या उंचीवर थांबवायचे.

चुका ठरलेल्या. पहिली म्हणजे वारा बघून जोरात मारणं. जोर वाढला की बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढते, बॅकस्पिनने चेंडू वर उचलला जातो आणि समोरच्या वाऱ्यात उभा राहून तिथेच खाली पडतो. मोठा क्लब आणि सावकाश स्विंग याचं कारण तेवढंच: स्पिन कमी करणं. दुसरी चूक म्हणजे चेंडू उजव्या पायापर्यंत मागे नेणं. तसं केलं की क्लब खूप तिरका खाली येतो, स्पिन पुन्हा वाढते आणि कडक जमिनीवर क्लब आपटून उडतो. तिसरी, हात पुढे दाबून फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उभा करताना तो उजवीकडे उघडा राहतो.

वारा मागून असेल तर उलटा घोळ. स्पिन टिकत नाही, चेंडू सपाट येतो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पडला तर मागे निघून जातो. अशा वेळी ग्रीनच्या १५ ते ३० यार्ड अलीकडे टाकायचा आणि पळत जाऊ द्यायचा. २००९ च्या ओपनमध्ये टर्नबेरीला ५९ वर्षांच्या टॉम वॉटसनचा शेवटच्या होलवरचा ८ आयर्न उत्तम लागला होता. पण तो ग्रीनवरून मागे गेला, पार हुकली आणि प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकला.

माळरान

समुद्राकाठची दमट हवा जड असते, म्हणून चेंडू कमी जातो, असं समालोचक नेहमी सांगतात. ते या टक्केवारीत धरलंय का?

खारावारा

माळरान, ते चूक आहे, आणि फार पसरलेलं चूक आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा, कोरड्या हवेचा सरासरी २९ चा. वाफ वाढली की घनता कमी होते. फरक इतका थोडा आहे की क्लब निवडताना सोडून द्यावा.

तिथे चेंडू कमी जातो तो थंडीमुळे. थंड हवा दाट असते. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं तर ड्रायव्हरचे (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचे) ३–४ यार्ड जातात. शिवाय चेंडू स्वतः गार झाला की कमी उसळतो आणि अंगावर तीन थर कपडे असले की स्विंग आखडतो. पाऊस असेल तर फेअरवेवरचा (होलपर्यंतच्या कापलेल्या मधल्या पट्ट्यावरचा) घरंगळ संपतो. ड्रायव्हरचे २०–३० यार्ड इथेच गेले. दमट हवेच्या नावावर हे सगळं खपवलं जातं.

वाऱ्याच्या वेळेबद्दल. भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथेही आहेत, फक्त कोकणाइतके नियमित नाहीत. ऊन असलेल्या दिवशी जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो. पहिल्या दोन दिवसांत खेळाडूंचे गट सकाळ-दुपार अदलाबदलीने निघतात ते याच्यासाठी. पण अटलांटिकवरून कमी दाबाचा पट्टा आला की ही समानता मोडते. एका अर्ध्या गटाला दोन्ही दिवस वाईट हवा मिळू शकते आणि त्याला इलाज नाही. भरती-ओहोटीबरोबर वारा फिरतो असंही कॅडी सांगतात. पोर्थकॉलजवळच्या ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, तरी त्याच्यावर क्लब ठरवू नये. वारा बघायचा तो ग्रीनवरच्या झेंड्यावर, पुढच्या गटाच्या चेंडूवर आणि ढगांच्या खालच्या थरावर. टीवर (होल जिथून सुरू होतं तिथे) गवत उडवून फक्त डोक्याच्या उंचीचा वारा कळतो.

हरळी

वाऱ्यावरच सगळे अडकलेत. लिंक्सची जमीन बघा आधी.

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा पट्टा म्हणजे लिंक्स. वाळूत पाणी थांबत नाही, म्हणून पावसानंतरही काही तासांत जमीन कडक होते. खत आणि पाणी कमी, त्यामुळे बारीक पात्यांचं फेस्क्यू आणि बेंट तिथे टिकतं. पातं सुईसारखं, जमिनीलगत कापलेलं. चेंडू जवळजवळ मातीवरच बसतो.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कोर्सवर बर्मुडा असतं. बर्मुडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा, सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिचे धावते कोंब जाळी करतात आणि पातं ताठ असतं. म्हणून इथला माणूस ग्रीनबाहेरून चेंडू घरंगळवायला गेला की चेंडू जाळीत अडकून अर्ध्यावर थांबतो आणि माणूस चेंडू उंच उडवणाऱ्या वेज क्लबकडे वळतो. फेस्क्यूवर नेमकं उलटं करायचं असतं. तिथे उंच वेज हा सर्वांत धोक्याचा फटका आहे. चेंडूखाली क्लब शिरायला जागाच नसते.

वेजचा बाउन्स, म्हणजे त्याचा तळ पुढच्या धारेपेक्षा किती अंश खाली आहे ते, बघून घ्या. मऊ जमिनीसाठी १२–१४ अंशांचा वेज असतो, तो कडक जमिनीवर आपटून उडतो आणि पुढची धार चेंडूच्या पोटात बसते. लिंक्ससाठी ४ ते ८ अंश. बंकरसाठी (वाळूच्या खड्ड्यासाठी) एक जास्त बाउन्सचा ठेवायचा मोह होतो, पण तिथल्या बंकरमधली वाळूही बहुतेक ठिकाणी घट्ट असते, तेव्हा तिथेही कमीच चालतो.

पसंतीचा क्रम माझ्या मते असा: पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) चालत असेल तर पटर. मधे उंचवटा किंवा लांब गवत असेल तर ७ ते ९ आयर्नने घरंगळता. वेज सगळ्यात शेवटी. घरंगळत्या फटक्याला १२ चा हिशेब सोपा पडतो. १२ मधून क्लबचा नंबर वजा करा: ७ आयर्नला हवेत १ भाग आणि जमिनीवर ५, ८ ला ४, ९ ला ३, पिचिंग वेजला १० धरून २. हे सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी. चढावर एक क्लब मोठा, उतारावर एक लहान. आणि चेंडू कुठे पडणार ती जागा ग्रीनवर नसून अलीकडच्या कडक गवतावर असेल तर पहिल्या टप्प्याला किती उसळेल ते पायाने दाबून बघा.

नीलांबरी

हरळी, हा क्रम सीनिअरांना का मानवतो तेही लिहा की. पटर आणि घरंगळत्या फटक्याला ताकद लागत नाही. कडक जमिनीवर ड्राइव्हही पळतो, त्यामुळे २० वर्षांच्या पोरापेक्षा ४० यार्ड कमी मारणाराही स्पर्धेत राहतो. वॉटसन २००९ चं वर आलंच आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या ओपनमध्ये बर्कडेलला ५३ वर्षांचा ग्रेग नॉर्मन तीन फेऱ्यांनंतर आघाडीवर होता, शेवटी संयुक्त तिसरा. लँगरने सीनिअर ओपन चारदा जिंकली, २०१०, २०१४, २०१७ आणि २०१९. शेवटच्या वेळी तो ६१ वर्षांचा होता. मऊ, लांब, पार्कसारख्या कोर्सवर हे इतक्या वेळा घडत नाही.

मोजपट्टी

नीलांबरी, सहमत, एक दुरुस्ती: कोरडं असतानाच. २०२३ सारखा ओला आठवडा आला की पळणारा ड्राइव्ह नाही आणि समोरचा वारा आहे, तेव्हा लांब मारणाऱ्याचा फायदा परत येतो. हॅरिंग्टन शेवटपर्यंत टिकला त्यात तेही कारण मी धरतो.

कुदळफावडं

बंकरबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि लिंक्सवर एक फटका जातो तो तिथेच.

हे खड्डे छोटे आणि खोल असतात आणि पुढची भिंत हिरवळीच्या लाद्यांची असते. गवताच्या लाद्या कापायच्या, विटांसारख्या एकावर एक रचायच्या, सांधे एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागे, मागून माती भरून दाबत जायचं. काम हिवाळ्यात करतात. भिंत साधारण पाच ते सात वर्षं टिकते. दक्षिणेकडे तोंड असलेली आधी जाते, कारण उन्हाने लाद्या वाळून भुगा होतात. अलीकडे वापरलेल्या कृत्रिम गवताच्या पट्ट्या रचूनही भिंती बांधतात. त्या खूप जास्त टिकतात, पण चेंडू त्यांच्यावरून वेगळा उसळतो.

खड्डा दिसतो त्याहून मोठा असतो. भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती असते, त्यामुळे दीड-दोन मीटर व्यासाचा बंकर पाच-सहा मीटर रुंदीतला चेंडू ओढून घेतो. त्यात मागून वारा आला की जे बंकर आवाक्यात नव्हते ते आवाक्यात येतात. म्हणून टीवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. २००६ ला हॉयलेकला टायगर वुड्सने ७२ होलमध्ये ड्रायव्हर एकदाच काढला आणि उणे १८ वर ओपन जिंकली. जमीन इतकी वाळली होती की लांब आयर्नच पुरत होता.

आत गेल्यावर काय? आधी भिंतीची उंची आणि भिंतीपासून चेंडूचं अंतर डोळ्यांनी मोजा. उघड्या वेजने वाळूतून चेंडू साधारण ४५ अंशांनी, फार तर थोडा जास्त उठतो. म्हणजे अंतर उंचीइतकं किंवा जास्त असेल तरच पुढे मारायचं. दीड मीटरची भिंत आणि एक मीटरवर चेंडू असेल तर पुढचा विचार सोडा. आडवा किंवा मागे काढा. पाय रुंद, गुडघे वाकलेले, वजन हलवायचं नाही, चेंडूच्या ४–५ सेंटिमीटर मागे वाळूत. वाळू घट्ट असेल तर फेस थोडा कमी उघडा, नाहीतर क्लब उडतो. तळ सपाट ठेवला की चेंडू पळत जाऊन भिंतीला चिकटतो. २०२३ च्या ओपनमध्ये, पुन्हा हॉयलेकलाच, पहिल्या दिवशी हेच झालं आणि आयोजकांनी रात्रीतून कडेची वाळू भिंतीवर थोडी चढवून घेतली. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. चांगला मारलेला आणि वाईट मारलेला चेंडू एकाच ठिकाणी जाऊन मरत असेल तर त्या बंकरने खेळाडूची परीक्षा घेतली असं म्हणता येत नाही.

नियमावली

बंकरातून खेळता येत नसेल तर नियम १९.३ चे पर्याय माहीत हवेत. आधीच्या जागेवरून पुन्हा, १ दंड (एक जादा फटका). बंकरमध्येच झेंडा-चेंडू रेषेवर मागे, १ दंड. बंकरमध्येच दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ नाही, १ दंड. बंकरबाहेर त्याच रेषेवर मागे, एकूण २ दंड. शेवटचा पर्याय २०१९ पासून आहे आणि लिंक्सवर तो बऱ्याचदा स्वस्त पडतो.

एक बारकावा: लाद्यांची भिंत नियमाप्रमाणे बंकरचा भाग नाही (१२.१). तिथे चेंडू रुतला तर तो सामान्य भागात आहे, म्हणजे रुतलेल्या चेंडूची फुकट सवलत मिळायला हवी. पण अशा कोर्सवर बहुतेक वेळा ती सवलत काढून घेणारा स्थानिक नियम लावलेला असतो. स्टार्टरकडून (खेळ सुरू करून देणाऱ्याकडून) मिळणारा कागद वाचा. न वाचता उचललात तर दंड.

माळरान

वाऱ्याने ग्रीनवरचा चेंडू हलला तर? पटर टेकवायचाच नाही असं शिकवतात.

नियमावली

जुना सल्ला आहे. ग्रीनवर तुमच्या हातून चुकून चेंडू हलला तर २०१९ च्या नियमांत दंड नाही (१३.१ड). परत ठेवायचा आणि खेळायचा. ग्रीनबाहेर मात्र तुम्ही हलवलात तर १ दंड अजूनही आहे. फेस्क्यूवर चेंडू पात्यांच्या टोकावर बसतो, तेव्हा तिथे क्लब न टेकवणंच शहाणपणाचं.

वाऱ्याने हलला तर दोन शक्यता. चेंडू अजून उचललेला नसेल तर जिथे गेला तिथून खेळायचं, मग तो होलमध्ये जावो नाहीतर ग्रीनवरून खाली उतरो. एकदा खूण करून उचलून परत ठेवला असेल तर वाऱ्याने कुठेही नेला तरी मूळ जागी परत. म्हणून जोराच्या वाऱ्यात ग्रीनवर पोचल्याबरोबर खूण करा, उचला, ठेवा. दहा सेकंदांचं काम. ग्रीनवर टाकलेला चेंडू उतारावरून बंकरमध्ये गेला आणि खूणच केलेली नव्हती, यासारखं वाईट नुकसान नाही.

मोजपट्टी

याच कारणाने तिथले ग्रीन मुद्दाम हळू ठेवतात. ओपनच्या ग्रीनचा वेग स्टिम्पवर (चेंडू ग्रीनवर किती घरंगळतो ते मोजायच्या साधनावर) १० फुटांच्या आसपास असतो, अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत १२–१३. वादळाचा अंदाज असेल तर ग्रीन कापायचं टाळतात आणि होल उंच, उघड्या भागावर पाडत नाहीत. एवढं करूनही २०१५ मध्ये सेंट अँड्र्यूजला शनिवारी चेंडू ग्रीनवर थांबेनात, खेळ दहा तासांहून जास्त बंद राहिला आणि ओपन सोमवारी संपली.

पट, म्हणजे ग्रीनवरचा घरंगळता फटका, मारताना पाय रुंद आणि पकड खाली. वारा चेंडूला ढकलतोच, पण तुमच्या खांद्यांना जास्त ढकलतो. ताशी २० मैलांच्या वर आडवा वारा असेल तर सहा फुटांच्या पटलाही होलच्या कडेइतका फरक धरा. शेवटच्या दोन फुटांत चेंडू हळू होतो, वारा त्याला तिथेच सर्वांत जास्त हलवतो.

चौथा_टी

धाग्याच्या मुख्य दाव्याशी मी पूर्ण सहमत नाही. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी बघा. पोर्थकॉलपेक्षा कितीतरी अवघड मानलं जातं. तिथे सीनिअर ओपन २०१६ ला पॉल ब्रॉडहर्स्टने उणे ११ वर आणि २०२४ ला के. जे. चोईने उणे १० वर जिंकली. पण त्याच कार्नूस्टीवर १९९९ च्या ओपनमध्ये पॉल लॉरी अधिक ६ वर जिंकला होता आणि २०१८ ला फ्रान्चेस्को मोलिनारी उणे ८ वर. १९९९ ला वारा होताच, पण खरा घोळ रफचा होता. फेअरवे अरुंद आणि बाजूचं गवत गुडघाभर दाट. २०१८ ला कोरडा उन्हाळा, गवत विरळ, चेंडू मैलभर पळतोय असं वाटावं. म्हणजे वसंतात किती पाऊस पडला यावरही जुलैचा स्कोअर ठरतो. फेस्क्यूचे लांब तुरे दिसायला भीतीदायक असतात, पण बूड विरळ असेल तर त्यातून खेळता येतं. बूड दाट झालं की क्लब गुंडाळला जातो.

आणि कार्नूस्टीचे शेवटचे चार होल वारा नसतानाही खातात. सोळावा २४० यार्डांच्या वरचा पार ३. वॉटसनने १९७५ ची ओपन तिथेच जिंकली, पण प्लेऑफ धरून पाचही फेऱ्यांत त्याला सोळाव्यावर पार जमली नाही. सतरा आणि अठराला बॅरी बर्न हा ओढा इतक्या वळणांनी येतो की लांब मारण्यापेक्षा किती अलीकडे थांबायचं हाच प्रश्न असतो. १९९९ ला ज्याँ व्हान द वेल्द शेवटच्या होलवर ७ खेळला ते सगळ्यांना आठवतं. हॅरिंग्टन २००७ ला त्याच होलवर दोनदा ओढ्यात गेला, ६ केले आणि तरीही प्लेऑफमध्ये जिंकला, हे कमी जणांना आठवतं.

मोजपट्टी

चौथा_टी, रफचा मुद्दा मान्य. मी "बहुतेक फटके वाऱ्याचे" लिहिलं ते एकाच कोर्सच्या तीन आठवड्यांपुरतं ठेवतो. दोन कोर्सची तुलना करताना रफ, फेअरवेची रुंदी आणि टी कुठे लावल्या हे धरायलाच हवं. पण पोर्थकॉलचे २३ फटके रफने भरून निघत नाहीत. २०१४ ला लँगरच्या मागे दुसरा उणे ५ वर होता, म्हणजे लँगरला वगळलं तरी २०२३ शी १० चा फरक उरतो. हेही लिहायला हवं की २३ मधले १३ एकट्या लँगरचे आहेत. १३ फटक्यांनी जिंकणं हे सीनिअर मेजरमध्ये दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही.

खारावारा

पावसाचं सामानही लिहून ठेवतो, कारण २०२३ चा शेवटचा दिवस त्यावरही ठरला असणार. तीन टॉवेल: एक छत्रीच्या काड्यांना आतून अडकवलेला, तो फक्त ग्रिप पुसायला, एक चेंडू-क्लबला, एक बॅगेत कोरडा. चामड्याचे हातमोजे भिजले की सटकतात, पावसाचे वेगळे हातमोजे ओले झाल्यावर जास्त घट्ट धरतात, ते दोन्ही हातांत घाला. ताशी ३० मैलांच्या वर छत्री उघडायचीच नाही. ती सांभाळताना हात दमतात. फटक्याआधी क्रम ठेवा: क्लब ठरवा, मग ग्रिप पुसा, मग लगेच मारा. पुसून झाल्यावर विचार करत उभं राहिलात तर ग्रिप पुन्हा ओली.

ओल्या गवतातून क्लबच्या खाचांमध्ये पाणी शिरतं, स्पिन कमी होते. रफमधून ८ आयर्न ७ इतका जातो आणि थांबत नाही. वेज मात्र फेसवरून वर घसरतो आणि तोकडा पडतो. दोन्हींना एकच दुरुस्ती लावू नका.

हरळी

भारतीयांपैकी हे सगळं जमवलेला माणूस जीव मिल्खा सिंग. २०१२ ची स्कॉटिश ओपन कॅसल स्टुअर्टच्या लिंक्सवर त्याने मोलिनारीला प्लेऑफमध्ये हरवून जिंकली आणि त्यातून पुढच्याच आठवड्यातल्या रॉयल लिथमच्या ओपनची जागा मिळवली. डिसेंबर २०२१ मध्ये तो ५० चा झाला, म्हणजे आता तो सीनिअर गटात बसतो.

माळरान

इथे पुण्यात सराव कसा करायचा? जुलैत आपल्याकडे सगळं चिखल असतं.

हरळी

मार्च ते मे या काळात करा. पाणी कमी दिलेल्या जागी हरळी सुकून जमीन कडक होते, ती त्यातल्या त्यात जवळची. ग्रीनच्या कडेला जाळी नसलेली, झिजलेली पट्टी शोधा आणि एकाच जागेवरून पटर, ७, ८ आणि ९ प्रत्येकी दहा-दहा चेंडू मारा. होल न बघता पहिला टप्पा कुठे पडतो ते बघा, तिथे टॉवेल अंथरा. पडण्याची जागा दोन फुटांच्या आत येऊ लागली की मगच होल बघायचं.

वाऱ्यासाठी दुपारी चारनंतर जा. ६ आयर्न अर्ध्या, पाऊण आणि पूर्ण स्विंगने मारून तिन्हींची अंतरं वहीत लिहा, समोरून आणि मागून वेगळी. तुमची टक्केवारी मोजपट्टींच्या आकड्यांपेक्षा वेगळी निघेल, चेंडू उंच मारत असाल तर बरीच जास्त. खेळताना तुमचाच आकडा वापरा.

सहावा_आयर्न

त्यात एक भर. वहीत चेंडू पडला ते अंतर आणि थांबला ते अंतर असे दोन रकाने करा. इथल्या हरळीवर दोन्हींतला फरक सात-आठ यार्डांचा असेल, तिकडे कोरड्या लिंक्सवर तोच तीस-चाळीसचा होतो. पडण्याचा आकडा सोबत न्या, थांबण्याचा आकडा तिथे पहिल्या सरावफेरीत नव्याने काढा.